‘वय झालं’ हे काही निदान नव्हे

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी सोप्यात पेपर वाचत बसलो होतो. गल्लीतल्या तरुण मंडळाची तीन पोरं आली. एकाच्या हातात तेलाचे डाग पडलेलं जाडजूड पुस्तक.

"सर, एवढं इंग्लिश वाचून मराठीत सांगा की."

बघतो तर बोटीच्या इंजिनाचं पुस्तक! मी जन्मभर पोरांना संधी-समास शिकवले. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. तसं सांगितलं, तर त्यातला थोरला म्हणाला, "इंजिन आमाला कळतंय सर, पुस्तक कळत न्हाई." म्हटलं, झकास! म्हणजे दोघांचं मिळून एक शहाणं माणूस होईल.

बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. आमचं मुरगूड वेदगंगेच्या काठाला. पाटगावच्या धरणाकडून येणारी ही नदी एरवी गरीब गाय. पण जुलै-ऑगस्टात तिचं रूप पालटतं. 2005, 2019 आणि 2021 चे पूर आमच्या भागात कोणी विसरणार नाही. पूर्वी अशा वेळी गुऱ्हाळातली गुळाची काईल पाण्यात लोटायची आणि तिच्यात माणसं बसवून पलीकडं न्यायची. 2019 नंतर मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून एक जुनी रबरी बोट घेतली. तिच्या पाठीला लावायचं इंजिन, म्हणजे आऊटबोर्ड मोटर, कोकणातून आणली. देवगड बाजूची. 25 अश्वशक्ती, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. फोंडा घाट चढून राधानगरीवरून टेम्पोत बसून ती मुरगुडात आली, तेव्हा पोरांनी तिला हार घातला होता.

आणि 2021 च्या जुलैत त्याच बोटीनं ऐन वेळी पाय मागे घेतला.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, नदीच्या खालच्या अंगाला एका खेड्यात राहायची. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा ही पोरं बोट घेऊन गेली. जाताना काही वाटलं नाही, प्रवाहाबरोबरच जायचं होतं. अक्का, शेजारची दोन म्हातारी माणसं आणि ही तीन पोरं अशी सहाजणं घेऊन परत फिरली आणि बोट अडली. पूर्ण रेस दिली तरी काठावरची बाभळ जागची हलेना! पाच-दहा मिनिटं झुंज दिली, मग पोरांनी शहाणपणानं बोट वळवली आणि माणसांना पुन्हा त्यांच्या माळ्यावर चढवलं. अख्खी रात्र त्यांनी कोंबड्यांच्या सोबतीनं माळ्यावर काढली. दुसऱ्या दिवशी मोठी बोट आली, सगळे सुखरूप निघाले. अक्का पुढं दीड वर्षानं गेली, त्याचा पुराशी काही संबंध नाही. पण जाईपर्यंत ती एक वाक्य म्हणायची... "बोट दारात येऊन परत गेली रे."

तेव्हा गावानं एकमुखानं निकाल दिला : इंजिनाचं वय झालं. निकाल लागल्यावर चौकशी कोण करतो? इंजिन ताडपत्रीखाली गेलं.

गेल्या वर्षी पोरांनी ते पुन्हा बाहेर काढलं. मिस्त्रीनं कार्बोरेटर धुतला. जुनं पेट्रोल त्यात तसंच राहून वाळलं होतं, त्याचा डिंक झाला होता. नवे प्लग घातले, ऑईल-पेट्रोल ताजं मिसळलं. इंजिन दोरीच्या दुसऱ्या हिसड्याला चालू झालं. दोघं बसले की बोट बाणासारखी सुटायची. माणसं भरली की पुन्हा तेच, नाक वर आणि बूड पाण्यात! मिस्त्री म्हणाले, "लोड घेत न्हाई. पिस्टन-रिंगा गेल्या असणार. पुरं खोलायला लागंल." खर्चाचा आकडा इंजिनाच्या किमतीपेक्षा मोठा होता. म्हणून पोरं पुस्तक घेऊन माझ्याकडं आली होती. भंगारात घालण्यापूर्वी एकदा विचारून बघू, एवढाच हेतू.

मी काय करणार? मराठीच्या मास्तराला जमेल तेवढंच केलं. म्हटलं, "लोड घेत नाही म्हणजे नक्की काय होतं? वाक्य पूर्ण करा."

थोरला म्हणाला, "रेस दिली की मिनिटभर बरं चालतंय, मग आवाज बसतोय."

धाकटा म्हणाला, "न्हाई सर, आवाज चढतोय. लई चढतोय. पण बोट पळत न्हाई."

आता आवाज बसतो आणि आवाज चढतो ही दोन वाक्यं एकाच इंजिनाबद्दल कशी खरी असतील? मी धाकट्याला म्हटलं, "तुझं ऐकण्यात चुकलं असेल." मंडळी, हे माझं वाक्य लक्षात ठेवा. पुढं त्याचा हिशेब द्यायचा आहे.

पुस्तक घेऊन आठवडाभर बसलो. शब्दकोश, चष्मा आणि मधूनमधून पोरांना फोन. दोन गोष्टी कळल्या. पहिली, जोर कमी पडणे ही तक्रार इंजिन पाण्यात, लादलेल्या बोटीला लावूनच तपासायची. पिंपात पाणी भरून चालवलं की प्रत्येक इंजिन गुणी वाटतं, कारण तिथं त्याला काही ओढायचंच नसतं. दुसरी, तपासणी फुकटापासून सुरू करायची आणि खर्चाकडं जायचं. आपण नेमकं उलटं करतो.

बंधाऱ्याचे बरगे अजून काढले नव्हते, त्यामुळं वरच्या अंगाला पाणी तुंबून संथ होतं. तिथं काठाकाठानं 200 मीटर मोजले, दोन्ही टोकांना काठ्या रोवल्या. माणसांऐवजी बोटीत वाळूची आठ पोती घातली, 50 किलोचं एक, म्हणजे 400 किलो. पोती बुडाली तर रडणारं कोणी नाही! बोटीत दोघं, अंगात लाइफ जॅकेट, काठावर दोर घेऊन चौघं. मोबाईलवर वेळ घेतला. रिकामी बोट 24 सेकंदांत गेली. भरलेल्या बोटीला 72 सेकंद लागले.

मी आकडेमोड केली. 72 सेकंदांत 200 मीटर म्हणजे ताशी 10 किलोमीटर. समोरून पुराचं पाणी तेवढ्याच वेगानं आलं, तर बोट पूर्ण रेसवर जागच्या जागी उभी राहणार. अक्काच्या दारातली ती बाभळ का हलत नव्हती, ते मला एवढ्या वर्षांनी वहीत दिसलं.

मग एकेक बघत गेलो. बोटीत फुकटचं पाणी साठलंय का, हवा पुरेशी कडक आहे का, वजन मागंच गोळा झालंय का? ते ठीक होतं. इंजिनाचं झाकण काढून रेसची मूठ पूर्ण पिळली, आत कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडते का ते पाहिलं. उघडत होती. पुष्कळदा तार ढिली झालेली असते आणि इंजिन पाऊण रेसवरच म्हातारं ठरतं, असं मिस्त्रीच म्हणाले. मागून पाण्याची धार नीट पडते का? पडत होती. ही धार म्हणजे इंजिन गार ठेवणारा पंप चालू असल्याची खूण. इंजिन खाऱ्या पाण्यातून आलेलं, वाटा मिठानं बुजल्या असतील अशी मला धास्ती होती, पण नाही. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? होता. तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल ओढलं जात नाही आणि काही मिनिटांत इंजिन मान टाकतं.

पाचवी गोष्ट बघताना सापडलं. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये नळीवर एक रबरी फुगा असतो, सुरू करताना दाबायचा. पूर्ण रेसवर मिनिटभरानं तो फुगा चपटा झाला. म्हणजे पुढून इंजिन ओढतंय आणि मागून पेट्रोल येत नाही! नळी कापून पाहिली, तर आतला थर सुटून लोंबत होता. ओढ लागली की तो मिटायचा. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, 2025 मध्ये ते प्रमाण 20 टक्क्यांवर गेलं. जुन्या जातीच्या रबराला ते मानवत नाही, शिवाय ते पाणी ओढून घेतं. आमच्याच भागातला ऊस कारखान्यात जातो, त्याच्यापासून इथेनॉल होतं, आणि आमच्याच पुराच्या बोटीची नळी त्यानं कुजते! उसाला दोष देत नाही. पण जुनं इंजिन ठेवायचं तर नळी नव्या जातीची हवी आणि महिनोन्महिने साठवलेलं पेट्रोल नको, एवढं कळलं.

नळी बदलली. आवाज बसायचा थांबला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पुन्हा पोती घालून वेळ घेतला... 61 सेकंद. शिट्ट्या बंद.

आता मिस्त्रींचं म्हणणं खरं मानायची वेळ आली. पण खोलण्याआधी मोजू, असं ठरलं. गॅरेजमधून कॉम्प्रेशन मोजायचं घड्याळ आणलं. प्लग काढून दोन्ही सिलिंडर तपासले. एक 112, दुसरं 108. दोन्हींत फारसा फरक नाही. एक 110 आणि दुसरं 70 आलं असतं, तर पिस्टन-रिंगांवर बोट ठेवता आलं असतं. दोन्ही प्लगला ठिणगी व्यवस्थित. (एका प्लगची ठिणगी गेली तरी असलं इंजिन एका सिलिंडरवर घरंगळत राहतं, हे बघण्यासारखं असतं.) म्हणजे इंजिन निरोगी. मिस्त्रींनी मोकळ्या मनानं मान्य केलं, "सर, हे खोलायचं काम न्हाई." आपला अंदाज चुकला असं चारचौघांत म्हणणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

मी मात्र तेवढा मोठा निघालो नाही. संध्याकाळी दमून घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "असेल बाई, वय झालं असेल त्याचं." समुद्रकाठचं इंजिन साडेपाचशे मीटर उंचीवर आणलं की हवा विरळ होऊन साधारण पाच टक्के जोर कमी होतो, हे पुस्तकाबाहेरचं ज्ञानही तिला ऐकवलं. 25 घोड्यांतला सव्वा घोडा घाटातच राहिला म्हणायचं! पण सव्वा घोड्यानं काय एवढा फरक पडतो?

रात्री धाकट्याचा फोन. "सर, रागावू नका. मी त्या दिवशी सांगितलेलं, आवाज चढतोय म्हणून. आजबी चढला."

मला एकदम शरमल्यासारखं झालं. त्याचं ऐकण्यात काही चुकलं नव्हतं. ऐकायचं राहिलं होतं ते मी. दोन वाक्यं एकमेकांना खोडत होती म्हणून मी एक फेकून दिलं होतं. वास्तविक दोन वाक्यं म्हणजे दोन दुखणी होती. आवाज बसतो, तेव्हा इंजिनाला काहीतरी कमी पडतंय. आवाज चढतो आणि बोट पळत नाही, तेव्हा इंजिन आपलं काम करतंय, पण ते पाण्यापर्यंत पोचत नाही. वाटेत गळती आहे.

त्या रात्री पंख्याचं प्रकरण वाचलं. पंखा थेट दांड्यावर घट्ट बसवलेला नसतो. मध्ये रबराचा जाड बुश असतो. पंखा दगडाला किंवा बुडालेल्या झाडाला आपटला, तर धक्का रबरानं खावा आणि आतले दात वाचावेत म्हणून. पण जबर आपटी बसली किंवा रबर जुनं झालं, की ते आतल्या आत निसटतं. थोडं ओझं असेल तर धरून ठेवतं, जास्त झालं की घसरतं. दांडा फिरतो, पंखा मागं राहतो. रिकाम्या बोटीत हा दोष दिसणारच नाही!

तपासणी तर आणखी मजेशीर. सकाळी इंजिन बंद करून, प्लगच्या टोप्या काढून, पंखा स्वच्छ पुसला. मधल्या गाभ्यापासून बाहेरच्या कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. रंग वाळल्यावर पोती घालून एक फेरी मारली आणि पंखा बाहेर काढून पाहिला. रेघ तुटली होती. आतला तुकडा एकीकडं, बाहेरचा तीन बोटं पलीकडं.

दुसरा पंखा कोकणातून मागवला. तो बसवून पोत्यांसह वेळ घेतला तर 38 सेकंद. ताशी जवळजवळ 19 किलोमीटर! काठावर थोरला नाचत होता. धाकटा गप्प उभा होता. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं." तो लाजून पोती उतरवायला लागला.

पुढं कुतूहलानं थोडं वाचलं. अमेरिकेत मिलवॉकीला ओले एव्हिनरूड नावाच्या मूळच्या नॉर्वेच्या माणसानं 1909 साली असली इंजिनं विकायला काढली. दीड अश्वशक्ती, वजन 28 किलो. त्याच्या नावाची इंजिनं बनवणं 2020 मध्ये थांबलं. पण बनलेली जुनी इंजिनं जगभर चालतातच आहेत. म्हणजे कारखान्याचं आयुष्य संपलं तरी नीट सांभाळलेल्या इंजिनाचं संपत नाही.

आता माझं मत सांगतो, त्यासाठीच हा प्रपंच.

‘वय झालं’ हे निदान नव्हे. ते निदान टाळण्याचं सभ्य निमित्त आहे. वयानं झीज होते, ती मी कशाला नाकारू? पण झीज मोजता येते, जशी आम्ही कॉम्प्रेशनच्या घड्याळानं मोजली. मोजल्याशिवाय वयाचं नाव घेतलं की बाकीचे सगळे प्रश्न बंद होतात. माझंच बघा. दोन वर्षांपूर्वी जिना चढताना दम लागायचा. घरचे, शेजारचे, एक डॉक्टरसुद्धा म्हणाले, "वय झालं आता, चालायचंच." मीही तेच म्हणत होतो, हे विशेष! पुढं भाचीनं हट्टानं रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन आणि बी-12 दोन्ही तळाला गेलेले. उपचार झाले, जिना पुन्हा चढतो. वय तेवढंच आहे, उलट दोन वर्षांनी वाढलंय.

दुसरं मत गावापुरतं. राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे कोल्हापूर जिल्ह्यात शाळकरी पोरालाही पाठ आहे. 2019 मध्ये ती 55 फुटांच्या वर गेली होती. पण आपल्या बोटीचा आकडा कोणाला पाठ आहे? गावात बोट आहे, एवढं कागदावर लिहून भागत नाही. भरलेली बोट 200 मीटर किती सेकंदांत जाते, हे लिहिलेलं पाहिजे. आणि ते जुलैत नाही, मे महिन्यात. रिकाम्या बोटीची चाचणी म्हणजे पुस्तक उघडं ठेवून दिलेली परीक्षा.

एक सावधगिरी मात्र सांगतो. इंजिनाचा जोर परत आला म्हणून बोटीत माणसं वाढवायची नाहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ती जखम अजून ओली आहे. बोटीची क्षमता बोटीवर लिहिलेली असते, इंजिनावर नाही.

मंडळाच्या खोलीत आता एक दोनशे पानी वही टांगली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इंजिन चालवायचं, तेही पाण्यात. कोरडं चालवलं तर गार ठेवणाऱ्या पंपाचं रबर जळतं. वहीत तारीख, पेट्रोल कधीचं, ऑईल लिटरला 20 मिली मोजून घातलं का, धार पडली का, फुगा कडक राहिला का, रेघ जुळलेली आहे का, हे लिहायचं. काम झालं की नळी काढून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवायचं, म्हणजे डिंक होत नाही. शेवटच्या रकान्याला मी मथळा दिला आहे, ‘आवाज कसा होता? पूर्ण वाक्यात लिहा.’ तो रकाना धाकटा भरतो.

जूनच्या सुरुवातीला बरगे निघाले, नदी मोकळी झाली. त्याच्या आदल्या रविवारी शेवटची फेरी होती. पोरं म्हणाली, "सर, बसा की तुम्हीबी." एका पोत्याच्या जागी मला बसवलं. काठावर एक बाभळ आहे. रेस दिल्यावर ती झरझर मागं गेली. मला अक्काची आठवण झाली... असो.

तुमच्या गावात अशी एखादी बोट, पंप, नाहीतर एखादं माणूस ताडपत्रीखाली पडलं असेल, तर एकदा ताडपत्री उचलून बघा. आणि काय सापडलं ते मला जरूर कळवा.